विंडोलेस गॅस टार्गेट: दुपार झाली की टर्बो ट्रिप, अन् लीक काही सापडत नाही

विंडोलेस गॅस टार्गेट म्हणजे बीमच्या (वेगवान कणांच्या झोताच्या) वाटेत खिडकीशिवाय ठेवलेला गॅस, छिद्रांतून निसटणारा गॅस टप्प्याटप्प्यानं लावलेले व्हॅक्यूम पंप ओढत राहतात. तो चालवणाऱ्या सगळ्यांची तक्रार एकच असते. सकाळी नऊला सिस्टीम चालू केली, टार्गेट चेंबरमध्ये १ मिलीबार नायट्रोजन सोडला, पहिला-दुसरा-तिसरा टप्पा सगळं जिथल्या तिथं, आणि जेवण करून परत येईपर्यंत दुसऱ्या टप्प्याचं प्रेशर दुपटीवर गेलेलं, टर्बोचा (अतिवेगानं फिरणाऱ्या पात्यांच्या व्हॅक्यूम पंपाचा) करंट चढलेला, अन् दोन-अडीचच्या सुमाराला कंट्रोलर ओव्हरटेम्परेचर दाखवून गप्प. संध्याकाळी सातला लावा, परत एकदम झकास. मार्च ते जून हे रोजचं. मग लोक काय करतात, तर हेलियमची बाटली अन् लीक डिटेक्टर काढतात आणि एकेक फ्लँज (सांधा) हुंगत बसतात, दोन दिवस जातात, हाती काही लागत नाही, कारण बाहेरून लीक नसतंच. लीक असतं तर ते रात्री झोपायला गेलं असतं का राव?

आमचा टेस्ट स्टँड छत्रपती संभाजीनगरात आहे. बीम नाही आमच्याकडे, बीम पाहिजे असला तर मुंबईचं पेलेट्रॉन, दिल्लीचं आययूएसी किंवा कोलकात्याला साहा इन्स्टिट्यूटमधलं फ्रेना, ही प्रवेगक केंद्रं, तिथं वेळ मागावा लागतो आणि मिळालेला वेळ पंप दुरुस्त करण्यात घालवायची कुणाची ऐपत नसते. म्हणून सगळा त्रास इथंच काढून घ्यायचा. खाली लिहिलंय ते मराठवाड्यातल्या उन्हाळ्याला धरून लिहिलंय, दुसरीकडं कारणांचा क्रम वेगळा असू शकतो.

नवीन पोरांसाठी दोन ओळी. गॅस टार्गेटला पातळ फॉइलची खिडकी लावली तर बीम त्या फॉइलमध्येच एनर्जी घालवतो. १०० केईव्हीचा (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) प्रोटॉन १ मायक्रॉन निकेलमधून पलीकडं निघतच नाही, आणि ताऱ्यांमधल्या रिअॅक्शन मोजायच्या म्हणलं की काम नेमकं याच एनर्जीला असतं. म्हणून खिडकीच काढून टाकायची, बीम यायला छोटी छिद्रं ठेवायची अन् त्या छिद्रांतून निसटणारा गॅस टप्प्याटप्प्यानं ओढून घ्यायचा. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली १४०० मीटर खडकाच्या आत लूना प्रयोगाचं ४०० केव्हीचं मशीन आहे, तिथं असं टार्गेट आहे, कॅनडात ट्रायम्फ प्रयोगशाळेला ड्रॅगन उपकरणात आहे. म्हणजे या यंत्रात गळती मुद्दाम ठेवलेलीच आहे आणि आपल्याला फक्त ती किती आहे ते सांभाळायचंय. औंढा नागनाथला लायगोचं (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं) काम मंजूर झाल्यापासून इकडं व्हॅक्यूम म्हणलं की लोकांच्या डोळ्यापुढं चार किलोमीटरची एकदम रिकामी नळी येते, आपलं काम त्याच्या बरोब्बर उलटं, आपण एका टोकाला दिवसभर गॅस ओततोय.

आता आकडे, कारण आकड्याशिवाय ही कटकट सुटत नाही. समजा पहिलं छिद्र ५ मिलीमीटरचं, पातळ. टार्गेटमध्ये १ मिलीबार नायट्रोजन असला तर छिद्रातून गॅस आवाजाच्या वेगानं निघतो, सेंटीमीटर चौरसाला सेकंदाला साधारण २० लिटर धरायचे, म्हणजे आपल्या छिद्रातून जवळपास ४ लिटर, म्हणजेच सुमारे ४ मिलीबार-लिटर प्रति सेकंद. मास फ्लो कंट्रोलरवर (गॅसचा प्रवाह मोजून सोडणाऱ्या यंत्रावर) हे २३० एससीसीएमच्या (मिनिटाला प्रमाणित घनसेंटीमीटरच्या) आसपास दिसलं पाहिजे. पहिल्या टप्प्याला ५०० घनमीटर प्रति तासाचा रूट्स (पहिल्या टप्प्याचा मोठा पंप) असला तर तो सेकंदाला १३९ लिटर ओढतो, म्हणजे तिथं ०.०२८ मिलीबार. पुढचं छिद्रही ५ मिलीमीटरचं, पण आता गॅस विरळ झालाय, त्यामुळं सेंटीमीटर चौरसाला ११.६ लिटर हा आकडा लागतो, त्यातून ०.०६ मिलीबार-लिटर जातो अन् सेकंदाला ५०० लिटर ओढणारा टर्बो त्याला १.३ गुणिले दहाचा मायनस चारवर धरून ठेवतो. तिसऱ्या टप्प्याला तसाच हिशोब केला की दहाचा मायनस सात मिलीबारच्या घरात. नळ्यांमधला तोटा धरला नाही, लांबट छिद्राचा हिशोब वेगळा, पण ढोबळमानानं हे बरोबर बसतं. हा हिशोब आपापल्या मापांनी करून गेजच्या शेजारी भिंतीला चिकटवून ठेवा.

आणि आता या पोस्टचा मुद्दा. नुसतं प्रेशर बघू नका, शेजारच्या दोन टप्प्यांचं गुणोत्तर बघा. पहिल्या टप्प्याचं प्रेशर भागिले दुसऱ्या टप्प्याचं प्रेशर, हा आकडा म्हणजे दुसऱ्या पंपाचा वेग भागिले मधल्या छिद्राचा कंडक्टन्स (गॅस जाऊ देण्याची क्षमता), दुसरं काही नाही. टार्गेटमध्ये गॅस थोडा कमीजास्त झाला तरी तो फारसा हलत नाही. वरच्या हिशोबात तो दोनशेच्या थोडा वर येतो. दुपारी पहिला टप्पा जागेवर आहे, दुसरा मात्र दुप्पट झालाय, म्हणजे गुणोत्तर दोनशेवरून शंभरवर आलं, तर दोषी एकतर दुसरा टर्बो नाहीतर दुसरं छिद्र, आणि छिद्र काही दुपारी मोठं होऊन रात्री लहान होत नाही, तेव्हा टर्बोच. दोन्ही टप्पे सारख्याच प्रमाणात चढले अन् त्यांचं आपसातलं गुणोत्तर तसंच राहिलं, तर टर्बोला हात लावू नका, रूट्स कमी ओढतोय किंवा टार्गेटमधूनच गॅस जास्त येतोय. सकाळी नऊ, दुपारी एक, तीन आणि रात्री आठ असे चार वेळचे आकडे वहीत लिहिले तरी अर्धं भांडण मिटतं. घड्याळाबरोबर हलणारी गोष्ट उष्णतेची किंवा लाईटची असते, आणि खोलून परत बसवल्यापासून सुरू झालेली गोष्ट बसवण्यातली असते.

यात एक फसवणूक आहे, ती आधी सांगतो. टार्गेटचं प्रेशर कंट्रोलर धरून ठेवतो, त्यामुळं स्क्रीनवर दिवसभर १.००० दिसतं आणि वाटतं टार्गेट तर ठीकच आहे. पण कंट्रोलर त्याच्या गेजवर विश्वास ठेवून चालतो. आपले कपॅसिटन्स मॅनोमीटर (टार्गेटचे प्रेशर गेज) बहुतेक ४५ डिग्रीला तापवून ठेवलेले असतात आणि खोली साधारण ४० च्या आत असेल असं गृहीत धरून बनवलेले असतात. इथं मे महिन्यात बाहेर ४२-४३, त्यात पत्र्याचं शेड, शेजारी रूट्स तापलेला, म्हणजे गेजच्या अंगाशी ४५ सहज होतं अन् मग त्याला स्वतःला थंड ठेवता येत नाही, झिरो सरकतो. झिरो खाली सरकला की कंट्रोलर बिचारा आणखी गॅस सोडतो. म्हणून फ्लोचा आकडा बघायचा, १ मिलीबारला सकाळी २३० असला अन् दुपारी २५० झाला तर गेजवर संशय घ्या. तपासायला सोपं आहे, भर दुपारी गॅस बंद करून चेंबर पूर्ण ओढून घ्या अन् गेज काय दाखवतो ते बघा, सकाळच्या झिरोशी जुळत नसला तर मिळालंच. गेजला रूट्सपासून लांब न्या, मध्ये साधा अॅल्युमिनियमचा पत्रा आडवा लावला तरी फरक पडतो. पिरानी गेजवर टार्गेटचं प्रेशर मोजू नका, तो गॅसप्रमाणं वेगळा आकडा दाखवतो, नायट्रोजनसाठी लावलेला पिरानी हेलियमला खोटं बोलतो.

अन् गेज बरोबर असला तरी गॅस गरम झाला की विरळ होतो हे डोक्यात ठेवा. प्रेशर तेवढंच, पण २५ डिग्रीवरून ४० वर गेलं की अणूंची संख्या जवळपास पाच टक्के कमी. बीमला अणू मोजायचेत, मिलीबार नाही. टार्गेट चेंबरच्या भिंतीला थर्मोकपल चिकटवा अन् डेटासोबत त्याचा आकडा लिहून ठेवा, पुढं बीम लागल्यावर बीमच्या रेषेतला गॅस आणखी तापतो ते वेगळंच.

आता पाण्याकडं येऊ, कारण दहातल्या आठ केसेस इथंच निघतात असं माझं मत आहे. टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं आणि मॅन्युअलमध्ये आत येणारं पाणी साधारण १५ ते २५, फार तर ३० डिग्री पाहिजे असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं पाणी कुठून येतं, तर बोअरचं, गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवलेलं, दुपारी दोनला त्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. आमच्या लॅबमधले मामा नळी हातात धरून म्हणले, "सर, गिझर कामून लावलाय? हे तर आंघोळीचं पाणी आहे." थर्मामीटर लावला, ४१. मामांचं बरोबर होतं.

पण नुसतं गरम पाणी हे अर्धंच दुखणं. बोअरचं पाणी जड, कॅल्शियम अन् मॅग्नेशियमनं भरलेलं, आणि गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर टर्बोच्या कूलिंगच्या मार्गात बसतो. गंमत अशी की फ्लो स्विच हिरवाच राहतो. पाणी वाहतंय, पण उष्णता पाण्यात उतरत नाही, थर मध्ये आहे. हे ओळखायचं कसं, तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान मोजायचं. मिनिटाला १ लिटर पाणी १ डिग्रीनं तापलं तर ७० वॅट उष्णता गेली. टर्बो कंट्रोलरवर ३०० वॅट दिसतायत अन् मिनिटाला २ लिटर वाहतंय, तर दोन टोकांत जवळपास २ डिग्रीचा फरक यायला पाहिजे. फरक अर्ध्या डिग्रीचाच येतोय, आणि पंपाचं अंग मात्र हात ठेवू देत नाही, तर थर बसलाय, खोला. दोन्ही टोकांना एकाच जातीचे थर्मोकपल लावा, नाहीतर त्यांच्यातच अर्ध्या डिग्रीचा फरक असतो.

थर काढायला पंप पूर्ण थांबवून, पाणी तोडून, सायट्रिक अॅसिडचं पातळ द्रावण छोट्या पंपानं फिरवायचं, पण कूलिंग मार्ग कुठल्या धातूचा आहे ते मॅन्युअलमध्ये बघूनच, आणि नंतर भरपूर साधं पाणी. स्वस्तातला बाजारू डिस्केलर ओतू नका. हे सगळं तात्पुरतं आहे म्हणा. कायमचा इलाज म्हणजे बंद चक्राचा चिलर, त्यात डीएम (क्षार काढलेलं) पाणी, आणि टाकीच्या पाण्याशी संबंध तोडायचा. चिलर नसेल तर निदान पाणी सॉफ्टनरमधून घ्या आणि सिमेंटची टाकी जमिनीखालची वापरा, गच्चीवरची नाही. चिलर आला म्हणून लगेच १० डिग्री लावू नका हां, जुलै-ऑगस्टला हवेत दमटपणा असतो, नळीवर, पंपावर दव धरतं, ते कनेक्टरमध्ये उतरतं अन् मग नवीनच आजार. २० च्या आसपास ठेवलेलं बरं.

थोडं गरम झाल्यानं इतका मोठा परिणाम का होतो, हे बऱ्याच जणांना कळत नाही. टर्बो तापला की कंट्रोलर पॉवर आवरतो, वेग घसरतो. वेग घसरला की ओढण्याची ताकद त्या प्रमाणात घसरते, पण कम्प्रेशन (गॅस मागं दाबून धरण्याची ताकद) मात्र घातांकी घसरतं. मग टप्प्यात गॅस साचतो, ब्लेडला घर्षण जास्त, अजून तापतो, अजून वेग कमी. म्हणून तासभर काही दिसत नाही अन् शेवटच्या दहा मिनिटांत सगळं धाडकन जातं. आरगॉन चालवत असाल तर हे लवकर होतं, कारण आरगॉन उष्णता वाहून नेण्यात आळशी आहे, रोटर थंडच होत नाही. बहुतेक टर्बोच्या मॅन्युअलमध्ये आरगॉनसाठी गॅसलोडची मर्यादा नायट्रोजनपेक्षा कमी दिलेली असते, ती ओळ वाचा.

हेलियम किंवा हायड्रोजनवर गेलात तर अजून एक. हलका गॅस छिद्रातून जास्त पळतो, हवेच्या मानानं हेलियम पावणेतीन पट, हायड्रोजन जवळपास पावणेचार पट, आणि त्याच वेळी टर्बोचं त्याच्यासाठीचं कम्प्रेशन नायट्रोजनच्या मानानं फारच कमी असतं. त्यामुळं मागच्या बाजूचं, म्हणजे फोरलाइनचं प्रेशर थोडं वाढलं तरी गॅस उलटा पुढं येतो. नायट्रोजनवर सगळं ठीक अन् हायड्रोजनवरच दुसरा टप्पा चढतो, असं असेल तर टर्बो नका खोलू, मागच्या स्क्रोल पंपाची टिप सील बघा, ती झिजते अन् कुणी बदलत नाही. हायड्रोजनचा एक्झॉस्ट खोलीत सोडायचा नाही, नळी थेट छताच्या वर, ठिणगीपासून लांब. हेलियम-नायट्रोजनही बंद खोलीत दिवसभर सोडला तर ऑक्सिजन खाली जातो, एसीसाठी दारंखिडक्या बंद करून बसणाऱ्यांनी ऑक्सिजन मीटर लावा.

रूट्सबद्दल थोडक्यात. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालत असेल तर बघा, खोली ४० च्या वर गेली की बरेच ड्राइव्ह पूर्ण ताकद देत नाहीत, फ्रिक्वेन्सी गुपचूप खाली येते आणि पहिल्या टप्प्याचं प्रेशर चढतं. डिस्प्लेवरचे हर्ट्झ वहीत लिहा. दुपारी सगळ्या शिवाराच्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडतं ते आहेच, कंट्रोलर अन् गेज यूपीएसवर पाहिजेतच. रूट्सचं तेल काचेतून बघायचं, पंप थांबवून, चालू असताना पातळी खोटी दिसते.

आता बसवण्यातली चूक. खोलून परत बसवलं अन् तेव्हापासून गुणोत्तर बिघडलं, दिवसरात्र सारखंच बिघडलेलं, तर गॅस छिद्राला वळसा घालून जातोय. कोलिमेटरची (बीमच्या छिद्राची) चकती ज्या फ्लँजवर बसते तिथं स्क्रूची भोकं आरपार असतात. एक एम४ स्क्रू लावायचा राहिला तर ते भोक ४.५ मिलीमीटरचं, त्याचं क्षेत्रफळ तुमच्या ५ मिलीमीटरच्या छिद्राच्या ऐंशी टक्के, म्हणजे तुम्ही जवळजवळ दुसरं छिद्रच पाडून ठेवलंय. चकती तिरकी बसून कडेनं फट राहिली तरी दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात ते दिसतं. आणि ही गळती लीक डिटेक्टरला कधीच सापडणार नाही, कारण ती आतल्या आत, एका टप्प्यातून दुसऱ्यात आहे, बाहेरून हेलियम कितीही फवारा. तपासायला चकतीच्या छिद्रावर कोरी, छिद्र नसलेली चकती बसवा अन् गॅस सोडा, पुढच्या टप्प्याचं प्रेशर तळाला गेलं पाहिजे, न गेलं तर वळसा आहे. ओ-रिंग किंवा इंडियमची तार चकतीखाली घातली की मिटतं. हे करताना छिद्रांची रेषा हलते, तेव्हा लेझर परत टाकून बघा, आणि तेही पंप चालू करून, हवा ओढल्यावर चेंबर किंचित सरकतो.

खरंच बाहेरून लीक आहे असा संशय असेलच, तर गॅस बंद, पंपांचे व्हॉल्व्ह बंद, प्रेशर किती वेगानं चढतंय ते बघा. सरळ रेषेत चढत राहिलं तर लीक, चढून हळूहळू सपाट होत गेलं तर भिंतींतून सुटणारा ओलावा, त्याला बेकिंग (तापवून सुकवणं) लागतं. गॅस रिसर्क्युलेट करणाऱ्यांना (परत फिरवून वापरणाऱ्यांना) छोटं लीकही महागात पडतं, कारण हवा साचत जाते, आणि प्रोटॉन बीमला त्यातला नायट्रोजन-१५ ४.४ एमईव्हीचा गॅमा देतो. फ्लोरिन असलेलं ग्रीस किंवा टेफ्लॉन बीमच्या वाटेत आलं तर ६.१३ एमईव्हीची रेघ उगवते. गेटर प्युरिफायर (अशुद्ध वायू शोषून घेणारा) हेलियम-निऑनसाठी छान, पण नायट्रोजन टार्गेटला लावू नका, तो टार्गेटच खाऊन टाकतो.

बीमवर जाताना कॅलरीमीटरचं पाणीही वेगळ्या चिलरवर ठेवा. गॅसमध्ये बीमचा चार्ज बदलत राहतो, म्हणून करंट फॅराडे कपनं (चार्ज गोळा करून मोजणाऱ्या कपानं) मोजता येत नाही, उष्णतेवरून मोजतात, लूनात गरम बाजू ७० डिग्रीला धरलेली असते अन् बीम आल्यावर हीटरची पॉवर किती कमी झाली त्यावरून हिशोब होतो. थंड बाजूचं पाणी दुपारी नाचायला लागलं तर बीम करंटच नाचतोय असं वाटतं.

ट्रिप झालाच तर लगेच स्टार्टचं बटण दाबत बसू नका. इंटरलॉकनं गॅसचा व्हॉल्व्ह आधी बंद व्हायला पाहिजे, मग बीमलाइनकडचा गेट व्हॉल्व्ह, क्रम उलटा लागला असेल तर आजच बदलून घ्या. पंपाचं अंग ४० च्या खाली येऊ द्या, गॅस नसताना टर्बो पूर्ण वेगाला जाऊ द्या, करंट रिकाम्या पंपाच्या नेहमीच्या आकड्यावर आला का ते बघा, अन् मगच ०.२ मिलीबारपासून हळूहळू चढवा. गॅस नसतानाही करंट जास्त राहत असेल किंवा थांबताना वेगळा आवाज येत असेल तर बेअरिंग गेलंय, तिथून पुढं सर्व्हिसवाल्याचं काम. आणि व्हेंट केल्यावर (हवा आत सोडल्यावर) गेज १०१३ ऐवजी ९५० च्या आसपास दाखवतोय म्हणून कुणाला फोन लावू नका, संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथली हवाच तेवढी.